कन्सोलची कंपनी सोडायची वेळ कशी ओळखावी?

वर्षानुवर्षे एकाच कंपनीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, वापरणारा माणूस पुढचा कन्सोलही सहसा त्याच कंपनीचा घेतो आणि विचारल्यास ‘मला हाच आवडतो’ असे सांगतो. या आवडीत गेमचा वाटा किती, मित्रांचा किती आणि तिथे आधीच घातलेल्या पैशांचा किती, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय राहायचे की निघायचे हे ठरवू नये. झालेला खर्च परत येणार नाही. हिशेबात धरायचे ते पुढच्या तीन-चार वर्षांत तिथे काय खेळायला मिळेल, एवढेच.

सुरुवात खरेदीच्या यादीपासून करावी. अकाउंटमधला व्यवहारांचा इतिहास उघडून कागदावर तीन रकाने आखावेत: डिस्कवर घेतलेले गेम, डिजिटल घेतलेले आणि सबस्क्रिप्शनमधून मिळालेले. प्रत्येक नावापुढे तो गेम शेवटचा कधी खेळला आणि पुन्हा खेळण्याची खरोखर इच्छा आहे का, हे लिहावे. तिसरा रकाना बहुतेकांना चकवतो, कारण सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलसाठीच्या ‘प्लेस्टेशन प्लस’ या सबस्क्रिप्शनचे मासिक गेम सबस्क्रिप्शन संपताच बंद होतात आणि तरीही आपण ते आपल्या संग्रहात मोजत असतो. डिजिटल गेम अकाउंटला जोडलेले असतात, त्यामुळे ते विकता किंवा धाकट्या भावाला देता येत नाहीत. डिस्कचे मात्र पैसे होतात. जुन्या डिस्क घेणारा दुकानदार डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरून ओरखडे पाहतो आणि मगच भाव सांगतो, म्हणून त्या पुसून, मूळ डबीत घालूनच न्याव्यात. पीएस४च्या (प्लेस्टेशन ४च्या) जवळजवळ सर्व डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५वर चालतात, म्हणजे प्लेस्टेशनमध्येच राहणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सकडे जाणाऱ्याने त्या विकून टाकाव्यात.

मित्रांचा प्रश्न एका फोनवर सुटतो. फोर्टनाइट, रॉकेट लीग आणि मायनक्राफ्ट वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळता येतात, तेव्हा कोथरूडमधल्या मित्राकडे प्लेस्टेशन आणि हिंजवडीतल्या सहकाऱ्याकडे एक्सबॉक्स असला तरी अडत नाही. तुमच्या गटाचा गेम अशी सोय देत नसेल, तर केवळ तेवढ्यासाठी आहे त्याच कन्सोलवर राहणे मला योग्य वाटते.

आता निघण्याची चिन्हे. पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे चिन्ह म्हणजे ज्या गेमसाठी तो कन्सोल घेतला, ते आता इतरत्र मिळू लागणे. सोनीचा २०१८चा गॉड ऑफ वॉर जानेवारी २०२२मध्ये पीसीवर आला, आणि मायक्रोसॉफ्टचे सी ऑफ थीव्ह्ज व फोर्झा होरायझन ५ अनुक्रमे २०२४ आणि २०२५मध्ये पीएस५वर आले. ज्याच्या घरी ऑफिसच्या कामासाठी घेतलेला चांगला पीसी आधीच आहे, त्याने हे बारकाईने पाहावे. निन्टेंडो आपले मोठे गेम असे बाहेर देत नाही. परंतु भारतात तिची अधिकृत विक्री नसल्याने आयात केलेल्या स्विच या तिच्या कन्सोलच्या दुरुस्तीची हमी दुकानदाराच्या शब्दावरच अवलंबून राहते. दुसरे चिन्ह म्हणजे सबस्क्रिप्शनचा वाढता भार. ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास अल्टिमेट’ या सबस्क्रिप्शनचा अमेरिकेतला मासिक दर १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाला. असा बदल दिसताच वर्षभराची रक्कम काढून तेवढ्यात किती गेम विकत आले असते ते पाहावे. एखाद्या दरवाढीवर चिडून त्याच रात्री कन्सोल विकायला काढणे मात्र टाळावे.

निर्णय झाल्यावर घाई नको. आधी सबस्क्रिप्शनचे आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे आणि उरलेल्या मुदतीत अर्धवट गेम संपवावेत. पीएस५च्या गेमचे सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, यूएसबीवर उतरत नाहीत, ते फक्त क्लाउडवर (कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात) जातात आणि त्यासाठी प्लेस्टेशन प्लस चालू असावे लागते. म्हणून पुढे कधी परतण्याचा विचार असेल तर मुदत संपण्यापूर्वीच ते चढवून ठेवावेत. विकण्याआधी पीएस५मधले ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ हे सेटिंग बंद करावे, फॅक्टरी रीसेट करावे, आणि बिल, खोका व मूळ केबल एकत्र ठेवाव्यात. दसरा-दिवाळीत नव्या कन्सोलवर सवलती लागल्या की जुन्याला गिऱ्हाईक मिळणे अवघड होते, त्यामुळे गणपतीच्या आधी विकलेला बरा. घेणाऱ्याला घरी बोलावून टीव्हीवर एक गेम चालवून दाखवावा आणि कंट्रोलरची काडी आपोआप सरकत नाही हे त्यालाच तपासू द्यावे. मग भावाची घासाघीस लवकर संपते.

अकाउंट मात्र बंद करू नये. विकत घेतलेले सर्व डिजिटल गेम त्यातच असतात आणि ते बंद केल्यास हातचे जातात. त्याला जोडलेला ईमेल चालू आहे ना ते पाहावे, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवावी आणि त्यात साठवलेले कार्ड काढून टाकावे.