बुरशी वाढतेय, पण काम करत नाही? कल्चर साठवताना या चुका टाळा

वळीव पडला की कडुलिंब-बाभळीवर हुमणी या मुळं खाणाऱ्या किडीचे भुंगेरे जमायला लागतात आणि करवीर, हातकणंगले, शिरोळचे ऊस उत्पादक मेटारायझियमची (हुमणीच्या अळीला मारणाऱ्या बुरशीची) चौकशी सुरू करतात. त्या धावपळीत कोल्हापुरातल्या लहान लॅबमध्ये फ्रिजमधला जुना स्लँट (नळीतल्या तिरप्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, जपलेलं बुरशीचं कल्चर) बाहेर येतो. प्लेटवर टाकला की तीन-चार दिवसांत पांढरी वाढ दिसते आणि सगळे निर्धास्त होतात.

पहिली चूक इथेच होते. वाढ दिसली म्हणजे बुरशी जिवंत आहे, एवढंच कळलं. ती अळी मारते का, एन्झाइम बनवते का, हे त्या पांढऱ्या कापसावरून कळत नाही. साठवणुकीत आधी घसरतं ते चयापचय. जीव जातो तो फार नंतर.

आमच्या लॅबमध्ये हे मला महागात पडून कळलं. हुमणीच्या मेलेल्या अळीवरून वेगळं केलेलं मेटारायझियम आम्ही दर महिन्याला नव्या पीडीएवर (बटाटा-साखरेच्या अगारवर) उतरवत, म्हणजे सबकल्चर करत, राहिलो, जवळजवळ दोन वर्षं. गडद हिरवे बीजाणू हळूहळू विरळ झाले, कडेला पांढरे मऊ पट्टे उमटले. ‘वाढ तर छान आहे’ म्हणून आम्ही पुढे गेलो. टबमधल्या चाचणीत अळ्या माती खात धडधाकट फिरत राहिल्या. ते पोतं शेतात गेलं असतं तर एखाद्या घरचा वर्षाचा ऊस गेला असता, हा विचार अजून सुटत नाही.

सतत सबकल्चर करत राहणं

प्लेटवर बुरशीला आयती साखर मिळते. अळीची कातडी विरघळवणारं पीआर-१ हे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) किंवा डिस्ट्रक्सिन हे विष बनवायची तिथे गरजच नसते, उलट त्यात शक्ती खर्च होते. ग्लुकोज भरपूर असलं की पीआर-१ चं उत्पादन दबतंच. अशा वेळी हे काम सोडून दिलेला एखादा बदललेला तंतू बाकीच्यांपेक्षा जोमाने वाढतो. आपण प्रत्येक वेळी सर्वांत भरभर वाढलेल्या कडेचा तुकडा उचलतो, म्हणजे निवड आपणच करत असतो. हे फक्त मेटारायझियमचं नाही. अफ्लाटॉक्सिन हे विष बनवणाऱ्या अॅस्परजिलस बुरशीच्या काही कल्चरनीही वारंवार उतरवल्यावर ते बनवणं सोडल्याचं नोंदलेलं आहे.

दुरुस्ती करता येते का? कधी येते, कधी नाही. शिथिलता माध्यमामुळे आली असेल तर बुरशी पुन्हा अळीतून न्यावी. अळीला लागण करायची, ती मरून हिरवी झाली की तिच्यावरचे बीजाणू घ्यायचे आणि एका बीजाणूपासून नवं कल्चर उभं करायचं. पण मेटारायझियमच्या एका उत्परिवर्तित प्रकारात डिस्ट्रक्सिन बनवण्याच्या क्षमतेबरोबर आख्खं गुणसूत्रच गेलेलं आढळलं होतं. असं नुकसान अळीतून नेऊन भरून निघत नाही. दोन वेळा नेऊनही फरक पडला नाही तर ते कल्चर टाकून जुन्या साठ्याकडे वळा. मोह धरू नका.

फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे सगळं थांबलं, असं समजणं

४ अंशांवर बुरशीचा श्वास मंदावतो, थांबत नाही. अन्न संपत जातं, माध्यम आटतं, टाकाऊ पदार्थ साचतात. स्लँटवर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन ओतलं (अगारच्या वरच्या टोकापेक्षा साधारण १ सेंमी वर) तर सुकणं टळतं आणि ऑक्सिजन कमी मिळतो, पण त्याखालीही बुरशी सावकाश जगत आणि बदलत असते. उणे २० चा घरगुती डीप फ्रीझर मला सर्वांत धोक्याचा वाटतो. तिथे बर्फाचे स्फटिक वाढत राहून पेशी फाडतात आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या मॉडेलमध्ये तापमान वारंवार वर-खाली होतं. उणे ८० बरंच सुरक्षित. चयापचय खऱ्या अर्थाने थांबतं ते उणे १३० च्या खाली, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये.

गोठवताना बीजाणू १० टक्के ग्लिसरॉलमध्ये घ्या, मिनिटाला सुमारे १ अंश या गतीने थंड करा, आणि वापरताना ३७ अंशांच्या पाण्यात झटकन वितळवा. उघडलेली व्हायल (छोटी कुपी) पुन्हा गोठवायची नाही.

भाताच्या पेंढ्यावर येणारी अळिंबी मात्र अपवाद. व्होल्व्हेरिएला ४ अंशांवर मरते, ती १५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते.

विजेचा विचार न करणं

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या भागातली वीज गेली. ती परत आली तेव्हा फ्रीझरमधले डबे बाहेरून पूर्वीसारखेच दिसत होते. मधल्या काळात ते वितळून पुन्हा गोठले होते का, हे सांगायला काहीच नव्हतं. आता आम्ही पेलाभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवतो. नाणं तळाशी गेलेलं दिसलं की त्या फ्रीझरमधली प्रत्येक व्हायल संशयित.

विजेवर अवलंबून नसलेली जुनी पद्धतही हाताशी ठेवा. अगारचे छोटे तुकडे निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत, खोलीच्या तापमानाला. कास्तेलानींनी १९३९ मध्ये सुचवलेली ही पद्धत कितीतरी बुरशांना वर्षानुवर्षं पुरते, आणि खर्च जवळपास शून्य.

बिघाड तपासताना होणारी घाई

साठ्यातून नुकत्याच काढलेल्या पहिल्या प्लेटवर निकाल देऊ नका. बुरशी सुस्तावलेली असते. एकदा उतरवून दुसऱ्या वाढीवर तपासा. पीडीएचा नवा डबा उघडलाय का, इनक्युबेटर खरंच २८ अंशांवर आहे का, हेही आधी पाहा. कल्चरवर ठपका नंतर.

तुलना करायला जुने आकडे लागतात, आणि बहुतेक लॅबमध्ये तेच नसतात. साठवण्याच्या दिवशीच वहीत लिहा: वसाहतीची रोजची वाढ मिलिमीटरमध्ये, मिलिलिटरमागे बीजाणू, २४ तासांत उगवलेल्यांची टक्केवारी, अळी मरायला लागलेले दिवस. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशांना रोखणारी बुरशी) असेल तर रोगकारक बुरशीसमोर लावलेल्या प्लेटचा निकाल. लेबलवर कितव्यांदा उतरवलंय तो आकडा हवाच. आमच्याकडे मास्टर व्हायलपासून (मूळ साठ्याच्या कुपीपासून) तीनदाच उतरवतो, त्यानंतर नवी व्हायल.

मास्टर साठ्याची एक प्रत कोल्हापूरबाहेर ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह आहे, तिथे कल्चर जमा करण्याची सोय आहे. आणि मेटारायझियमची व्हायल एप्रिलमध्येच काढा. अळीवरची चाचणी पुरी व्हायला काही आठवडे लागतात, वळीव थांबत नाही.