आधी उघडी माती झाका: उन्हाळ्यातल्या अंगणबागेसाठी सल्ला (ठाणे, नवी मुंबई)

होळीच्या आत झाडांखाली आच्छादन, म्हणजे वाळक्या पाल्याचा थर, घाला. खालचं बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण एवढं चुकवू नका.

मार्च लागला की आपल्याकडे पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडे गरम वारे येतात. समुद्राकडचा वारा उशिरा सुटला तर ठाण्यात पारा चाळिशीपर्यंत जातो. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण ऑक्टोबर संपला की जूनपर्यंत जवळपास काही नाही. वाशी, नेरूळ, खारघरच्या बऱ्याच रो-हाऊसच्या अंगणात वर वीतभर लाल माती आणि खाली भरावाचा मुरूम नि राडारोडा असतो. एवढी माती पाणी धरून ठेवणार किती? त्यातही ती उघडी असली तर सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी मुळांकडे न जाता बाजूने वाहतं.

मी पाहिलेल्या बहुतेक बागा पाणीकपातीने गेल्या नाहीत, उघड्या मातीने गेल्या. रोज पाइप धरूनही लिंबू वाळतं, कढीपत्त्याची पानं झडतात आणि लोक खत विकत आणायला धावतात. आणि ज्याने झाड वाचलं असतं तो पाला त्याच आठवड्यात झाडून गोणीत भरून बाहेर टाकलेला असतो, नाहीतर कोपऱ्यात पेटवलेला असतो. उघड्यावर पाला जाळायला बंदी आहे. नसती तरी जाळू नका.

आच्छादन असं घाला. आधी माती हलकी उकरा आणि भरपूर पाणी द्या, कारण कोरड्या मातीवर पाला टाकून उपयोग होत नाही. आळं खोडापाशी नको, फांद्यांची सावली पडते तिथवर त्याचा घेर असू द्या. मग त्यावर तीन ते चार इंच पाला पसरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो आणि वाळवी चढते. बदामाची पानं चुरडून घ्या, अख्खी टाकली तर थर चिकटून बसतो आणि पाणी वरून घसरतं. रेन ट्रीचा पाला उत्तम, मात्र त्या झाडाला पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) लागलेला असेल तर त्याचा पाला अजिबात आणू नका. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पालथी मांडा. महिन्याभरात थर बसतो, तेव्हा पुन्हा भर घाला.

आता दुकानदार काय गळ्यात मारतात ते. पांढरे गोटे घेऊ नका; ते तापतात, कुजून मातीला काही देत नाहीत आणि गोणीला पैसे पडतात. हायड्रोजेलची (पाणी शोषून फुगणारे दाणे, मातीत मिसळतात) शिफारस शेतासाठी हेक्टरी अडीच ते पाच किलो आहे. म्हणजे दहा चौरस मीटरच्या वाफ्याला अडीच ते पाच ग्रॅम. अर्ध्या किलोचं पाकीट कशाला? मातीत पालापाचोळा असेल तर तेही लागत नाही. लॉनचं तर सरळ गणित आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एप्रिलमध्ये रोज पाच मिलिमीटर उडतं असं धरलं, तर शंभर चौरस फुटांच्या हिरवळीला रोज साधारण सेहेचाळीस लिटर पाणी. तेवढ्यात घरची सगळी फुलझाडं निघतात. हिरवळ काढा, तिथे अबोली, कण्हेर, कोरफड, बोगनवेल लावा, पण लागवड पहिल्या पावसानंतर. आत्ता नवीन रोप नकोच.

पाणी केव्हा द्यायचं? माझी खूण मोगऱ्याची. दुपारी माना टाकल्या तर घाबरू नका, सकाळी सातला बघा. तेव्हाही पानं उतरलेली असतील तरच पाणी द्या. आणि दुपारी बारापर्यंत खाडीवरचा वारा लागला नाही, तर त्या संध्याकाळी कुंड्यांना पाणी द्याच, मोगऱ्याची वाट बघू नका.

नेहमीची कामं:
- जास्त पाणी लागणारी झाडं (मोगरा, केळ, भाजी) नळाजवळ एकत्र.
- वाफ्यात मातीचा भाजलेला, बिनरंगाचा मटका गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरणे आणि झाकण ठेवणे; पाणी हळूहळू झिरपतं.
- एसीचं पाणी कुंड्यांना. आरओचं टाकाऊ पाणी रोज एकाच झाडाला नको, क्षार साठतात.
- पश्चिमेच्या कुंड्यांवर 50 टक्के शेडनेट.
- छाटणी आणि रासायनिक खत बंद.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि पानांमागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) याच दिवसांत वाढतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिला तर 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर करा. किंवा लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. फवारणी संध्याकाळीच, उन्हात पानं करपतात.

पाल्यात साप येतो, वाळवी लागते म्हणून बरेच जण थर काढून टाकतात. काढू नका. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा आणि हात घालण्याआधी काठीने हलवा. मेअखेरीस मात्र थर अर्धा करा, कारण पावसात त्याखाली गोगलगायी जमतात. काढलेला पाला कोपऱ्यात ढीग करून ठेवा, दिवाळीनंतर तोच वाफ्यात मिसळता येतो.