पहिली पन्नास पानं अकराव्यांदा लिहिण्याआधी

कादंबरी बहुतेकांची अडते ती तिसऱ्या प्रकरणापाशी. चाळीस-पन्नास पानं होतात, सुरुवात फिकी वाटायला लागते, म्हणून ती पुन्हा लिहिली जाते. मग दुसरं प्रकरण तिच्याशी जुळत नाही, म्हणून तेही. सहा महिन्यांनी हातात तीच पन्नास पानं असतात. रोज मेहनत झालेली असते, त्यामुळे आपण जागच्या जागीच आहोत हे फार उशिरा कळतं.

यामागचं कारण नीट समजून घ्या. सुरुवात बरोबर आहे की नाही, हे शेवटावरून ठरतं. शेवटी थोरली बहीण घर विकणार असेल, तर पहिल्या प्रकरणात ते घर तिच्या नजरेनं दिसायला हवं. धाकटा भाऊ घर सोडून जाणार असेल, तर सुरुवात त्याच्यापासून. शेवट कागदावरच नसेल, तर पहिल्या प्रकरणात तुम्ही फार तर वाक्यं सुधारू शकता. आणि एकदा घासूनपुसून लख्ख केलेली वाक्यं काढून टाकायला हात धजत नाही. कथेला नको असलेलं प्रकरण केवळ त्यावर घाम गाळला म्हणून पुस्तकात राहतं.

म्हणून पहिला खर्डा संपेपर्यंत मागे जायचं नाही. आदल्या दिवशीचा शेवटचा परिच्छेद वाचायचा, बस्स. सातव्या प्रकरणात लक्षात आलं की नायिकेचे वडील हयात नकोत, तर वेगळ्या वहीत एक ओळ टिपा: ‘वडील आधीच वारलेले, प्रकरण १ ते ६ बदलणे’. आठवं प्रकरण तसं धरूनच लिहा. खर्ड्यात वडील मध्येच गायब झाले तरी चालतील, तो कुणी वाचणार नाहीये. रोज ४०० शब्द आणि आठवड्याला ५ दिवस धरले, तर ६०,००० शब्द ३० आठवड्यांत होतात. हे जमतं, खरंच जमतं. वाईट लिहिलेलं पूर्ण बाड दुरुस्त करता येतं.

अर्धवट प्रकरणं कुणाला वाचायला देऊ नका, गुरुस्थानी असलेल्यांनाही नाही. पहिल्या खर्ड्यातली वाक्यं दुरुस्त करून देणारा मार्गदर्शक कितीही मायेनं करत असला, तरी तो तुम्हाला पुन्हा पहिल्या पानावर नेऊन बसवतो.

खर्डा झाल्यावर महिनाभर बाजूला ठेवा. मग छापून, हातात पेन न घेता वाचा. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाची एक ओळ लिहा: कोणाला काय हवंय, आड काय येतंय, शेवटी काय बदललं. जिथे काहीच बदलत नाही तो प्रसंग काढा किंवा शेजारच्यात मिसळा. भाषेवर हात फिरवायचा तो सगळ्यात शेवटी. शुद्धलेखनही तेव्हाच.

प्रकाशकाकडे पाठवताना त्यांनी मागितलंय तेवढंच पाठवा. सारांश मागितला असेल तर त्यात शेवट सांगा. तो लपवलात, तर कथा उभी राहते की नाही हे संपादकाला कळत नाही. नकार बहुधा कारण न देताच येतो. तो तुमच्या लायकीवरचा शेरा समजू नका, त्यांच्या यादीत तशा पुस्तकाला जागा नसणं हेही कारण असू शकतं.

निवड करून छापणारा प्रकाशक लेखकाकडून पैसे घेत नाही. ‘निवड झाली’ म्हणून पाठोपाठ खर्चाचा आकडा सांगणाऱ्याला तुमचं पुस्तक विकायची घाई नसते, त्याची कमाई आधीच झालेली असते. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण मग संपादक तुम्ही नेमा आणि छपाईच्या फायली तुमच्या ताब्यात ठेवा.

करारात मानधनाची टक्केवारी कशावर आहे ते बघा. छापील किमतीवर १० टक्के आणि प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर १० टक्के यांत मोठा फरक आहे. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर दुसऱ्या हिशेबात तुम्हाला छापील किमतीच्या ६ टक्केच मिळतात. कॉपीराइट तुमच्याच नावावर राहू द्या. छापील, ई-बुक, श्राव्य, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, आणि मुदतही लिहून घ्या. ‘पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क परत’ एवढ्या कलमावर विसंबू नका, कारण ई-बुक विक्रीला असेपर्यंत पुस्तक कागदोपत्री उपलब्धच राहतं. वर्षाला किती प्रतींपेक्षा कमी खपल्या तर हक्क परत मिळतील, तो आकडाच कलमात घालायला लावा.