पावतीवर लिहिलं होतं ‘स्नेक, १ नग’

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी पंधरा वर्षं हिशेब लिहितेय. बिलावर मालाचं नाव धड नसेल तर पेमेंट सुटत नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. आणि त्याच मी २०२१ साली घोडबंदर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका दुकानात साडेआठ हजार मोजून साप घेतला, आणि पावती उघडून पाहिली ती घरी आल्यावर. ‘स्नेक, १ नग.’

तोंडाने दुकानदार ‘केनियन सँड बोआ’ म्हणाला होता. तीन आठवड्यांनी आमच्या सोसायटीत धामण निघाली म्हणून कळव्याचे एक सर्पमित्र आले. जाता जाता मी कौतुकाने त्यांना आमची टाकी दाखवली. ते वाकले, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, “ताई, हा आफ्रिकेला कधी जाऊन आला?”

तो निघाला आपला डुरक्या घोणस, महाराष्ट्राच्या माळरानावर राहणारा. नावात घोणस असली तरी बिनविषारी. पण पकडून आणलेला, खवल्यांखाली गोचिडी घेऊन आलेला, आणि घरात ठेवणं गुन्हा असलेला. माझ्या मुलाने त्याचं नाव ‘मसाई’ ठेवलं होतं.

त्यानंतर मी जे शिकले ते इथे लिहिते. साप पाळूच नये असं ज्यांचं मत आहे त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, माझ्या सासूबाई त्यातल्याच आहेत. पण घ्यायचाच ठरवलं असेल तर दुकानात शिरायच्या आधी हे वाचा.

आधी कायदा, कारण चुकीच्या नावाची पहिली किंमत तिथेच मोजावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे साप पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत, पाळायचे नाहीत. अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तीन ते सात वर्षं तुरुंग आणि किमान २५ हजार दंड. मांडूळही त्याच कायद्याने संरक्षित. ‘दोन तोंडांचा, घरात पैसा आणतो’ म्हणून त्याची तस्करी चालते. त्याला तोंड एकच असतं, दुसरी बाजू बोथट शेपूट. दुकानदार ‘हा इंडियन नाही, बर्मीज आहे’ म्हणाला तर तेवढ्यावर निवांत होऊ नका. बर्मीज पायथन आपल्या ईशान्येकडच्या जंगलातही आहे. रेटिक्युलेटेड पायथन निकोबारात आहे. पिवळाधमक अल्बिनो असला तरी रंगाने जात बदलत नाही.

खरोखर परदेशी असलेल्या सापांचं गणित वेगळं. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि सगळे बोआ सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या सुधारित कायद्यात ही यादी चौथ्या अनुसूचीत आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. विकला, कुणाला दिला, पिल्लं झाली, मेला, तर तेही कळवायचं. कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप सायटीसमध्ये नाही, म्हणून त्याला ही नोंदणी लागत नाही. आता बघा, फॉर्मवर तुम्ही जातीचं नाव लिहिणार ते दुकानदाराच्या भरवशावर. नाव चुकलं तर खोटी माहिती तुमच्या सहीने गेली.

म्हणून बोलीतलं नाव चालवून घेऊ नका. ‘सँड बोआ’ म्हणजे अनेक जाती. ‘रेड टेल’ तर कुठल्याही बोआला म्हणतात. शास्त्रीय नाव लिहून मागा: बॉल पायथन असेल तर ‘पायथन रेजियस’, कॉर्न असेल तर ‘पँथेरोफिस गुटाटस’. दुकानदाराला ते येत नसेल तर त्याने माल कुठून आणला हेही त्याला सांगता येणार नाही, असा माझा अनुभव. ‘कॅप्टिव्ह ब्रीड आहे’, म्हणजे रानातून पकडलेला नाही, माणसाकडेच जन्मला, असं म्हणाला तर कुणाकडे जन्मला आणि कधी, ते विचारा. ‘मुंबईहून येतो’ हे उत्तर नाही. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. ते प्रमाणपत्र बघायला मागा. मागताना मला लाज वाटली होती, पण साडेआठ हजार देताना वाटली नव्हती.

आता ओळख. ती दुकानात उभ्या उभ्या आपल्याला जमणार नाही हे आधी मान्य करा. मी पाच फोटो काढते: डोकं वरून, डोकं बाजूने, पाठ मधोमध, पोट आणि शेपटीची खालची बाजू. पाठीच्या फोटोत टाकीच्या काचेला दहा रुपयांचं नाणं टेकवते. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे मोजमापाचा अंदाज येतो. साप दुकानदारानेच उचलायचा, आपण नाही. फोटो जाणत्या सर्पमित्राला किंवा सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला पाठवायचे, घरी जायचं, जेवायचं, झोपायचं. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ असं ऐकलं की मी तर खुशाल निघते.

माझ्या फसगतीत फरक होता तो खवल्यांचा. केनियन सँड बोआचं अंग पुढून गुळगुळीत, तुकतुकीत, खरखर फक्त शेपटीकडे, आणि रंग नारिंगी किंवा पिवळा, त्यावर गडद चट्टे. डुरक्या पाठीवरूनच खरखरीत, शेपटीशी तर सुताराच्या पॉलिश पेपरसारखा. रंग मातकट, चॉकलेटी चट्टे एकमेकांत मिसळून नागमोडी झालेले. मी तो खरखरीतपणा हाताने अनुभवला होता आणि ‘कात टाकायला आला असेल’ म्हणून सोडून दिला होता.

डुरक्या निदान चावला तरी जीव जात नाही. खरी भीती घोणशीची. तिच्या पिल्लाला अजगराचं पिल्लू समजून लोक उचलतात, आणि ‘बॉल पायथन’ म्हणून तसलं काही समोर आलं तर ठिपक्यांना ठिपके बघून फसायला होतं. घोणशीच्या पाठीवर काळसर लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात. डोकं त्रिकोणी, बारीक खरखरीत खवल्यांनी भरलेलं. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. बॉल पायथनचं अंग तुकतुकीत, वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचांची रांग, आणि घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडू होतो. नाव त्यावरूनच पडलं.

दुसरी जोडी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. ‘कॅलिफोर्निया किंग’ हा अमेरिकेतला बिनविषारी साप म्हणून टाकीत जे आहे ते आपला बिनविषारी कवड्या असू शकतं, आणि नशीब फिरलं तर मण्यार. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट, डोक्याकडे पुसट, शेपटीकडे स्पष्ट, बहुतेक जोडीजोडीने, आणि पाठीच्या कण्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची एक रांग. मण्यार चावलेलं कित्येकदा कळतही नाही, झोपेतल्या माणसाला तर नाहीच. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. परदेशातला विषारी साप कुणी हौसेने आणला असेल तर त्याच्यावर ते चालेल असं समजू नका. कुठलाही दंश झाला तर तो भाग हलवायचा नाही, कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं.

चुकीच्या नावाने सापाचेही हाल होतात. बॉल पायथनला टाकीच्या एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला पंचविसाच्या आसपास, आणि साठ टक्के दमटपणा लागतो. सँड बोआला कोरडं. ठाण्यात जुलैमध्ये टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत, तिथे सँड बोआच्या टाकीत वर आणखी पाणी फवारलं तर पोटाचे खवले कुजायला लागतात. मी मसाईला सुरुवातीला फवारत होते, कारण दुकानदाराने सगळ्या सापांना एकच छापील कागद दिला होता.

तब्येत बघायला पांढरा रुमाल न्या. दुकानदाराला साप त्यावरून सरकवायला सांगा. काळे ठिपके चिकटून हलायला लागले तर माइट्स (अंगावरचे बारीक परजीवी किडे) आहेत. नाकातोंडाशी बुडबुडे नकोत, डोळ्यांवर जुनी कात चिकटलेली नको. खातो का हे तोंडी ऐकू नका, समोर खाताना बघा किंवा व्हिडिओ मागा. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतं.

चुकीचा साप घरी आलाच तर येऊरच्या जंगलात नेऊन सोडू नका, मुंब्य्राच्या डोंगरातही नाही. दुकानात परत देऊ नका, तो दुसऱ्याच्या गळ्यात मारला जाईल. मी १९२६ वर, हॅलो फॉरेस्टला फोन केला. हात थरथरत होते. वनविभागाची माणसं आली, बरेच प्रश्न विचारले, लिहून घेतलं, पावतीचा फोटो काढला. ‘स्नेक, १ नग’ वाचून त्यातला एक हसला, मला हसू आलं नाही. मसाई गेला त्या रात्री मुलगा जेवला नाही.

जिलबी, आमची बॉल पायथन, आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. वेटोळं घालून बसते म्हणून जिलबी. नेरूळचे एक गृहस्थ परदेशी निघाले होते, त्यांच्याकडे तिची परिवेशवरची नोंद होती, ती रीतसर माझ्या नावावर झाली. सासूबाईंनी विचारलं, “नागपंचमीला हिला दूध द्यायचं का?” साप दूध पीत नाहीत हे त्यांना पटवायला एक महिना गेला. ही जात वीस-तीस वर्षं जगते हे मात्र मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

कागद मी माझ्या पद्धतीने करून घेतला: पायथन रेजियस, मादी, कॅप्टिव्ह ब्रीड, वजन ४१० ग्रॅम, नोंदणी क्रमांक, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तारीख, पाच फोटो जोडलेले. गृहस्थ म्हणाले, “वहिनी, गाडी घेताय का?” एक प्रत माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसरी सासूबाईंनी देवघराच्या कपाटात ठेवली आहे, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर.