बंब धुमसतोय? आधी जाळी बघा

डिसेंबरात निफाड-पिंपळगावकडे पहाटे पारा घसरला की पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाची परीक्षा सुरू होते. पाणी कोमटच, धूर मात्र अंगणभर. अशा वेळी बहुतेक जण फुंकणी घेतात किंवा रॉकेल ओततात. रॉकेल तर ओतूच नका, भडका तोंडावर येतो. दोष लाकडाला देण्याआधी हवेची वाट तपासा.

बंबात हवा खालच्या दारातून शिरते, जाळीतून वर चढते आणि मधल्या नळीतून बाहेर पडते. म्हणून तपासणीही खालूनच करायची.

राख आधी काढा. राखेचा थर जाळीच्या निदान दोन बोटं खाली हवा, थर जाळीला टेकला की वारा बंद. मग सळईने जाळीच्या फटी मोकळ्या करा. करवंट्या जाळणाऱ्यांच्या जाळीत अर्धवट जळलेले तुकडे हमखास अडकतात. सळया वाकून फट रुंदावली असेल तर निखारे खाली गळतात, जाळी बदलावी लागते. भांडी बाजारात जाताना नळीच्या आतला व्यास मोजून न्या, अंदाजाने आणलेली जाळी डुगडुगते.

आता बंबात पाणी भरा. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांचा डाख, म्हणजे धातूची झाळ, सुटतो. नळीच्या तोंडाशी कागदाचा बोळा पेटवून आत सोडा आणि खालच्या दाराशी उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. बाहेर आला तर वर काजळी साचलेली आहे. ती नारळाच्या काथ्याने किंवा लांब दांड्याच्या ब्रशने झाडा. खुरप्याने खरवडू नका, तांबं मऊ असतं.

वाट मोकळी असूनही धूर येत असेल तर नळी ठासून भरली आहे. ही चूक सर्वांत जास्त होते. लाकडं नळीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच, अंगठ्याएवढी जाड आणि मध्ये फट ठेवून घाला. द्राक्षाच्या काड्या उत्तम, पण एप्रिलच्या खरड छाटणीच्या. त्या मे महिन्यात कडकडीत वाळतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीतल्या काड्या थंडीतही ओलसर राहू शकतात. दोन काड्या एकमेकींवर आपटा: खणखणीत वाजल्या तर चालतील, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. बांधणीच्या सुतळ्या आणि प्लास्टिक मात्र काढून टाका.

पेटवताना दार पूर्ण उघडं. जाळ धरला की दोन बोटं, निखारे झाले की एक बोट. ज्वाळा नळीबाहेर डोकावत असतील तर दार जास्त उघडं आहे, उष्णता आकाशात चालली आहे. दार अगदी बंद केलं तर लाकूड धुमसतं, काजळी वाढते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. म्हणूनच पेटता बंब, अगदी निखाऱ्यांवर असला तरी, न्हाणीघरात नको. पाणी बादलीने आत न्या.

पेटल्यावर पहिली काही मिनिटं राखेत थेंब पडले तर घाबरू नका. जळत्या लाकडातल्या वाफेचं थंड तांब्यावर पाणी होतं, बंबाला घाम येतो. पाणी चांगलं तापल्यावरही टिपटिप चालूच राहिली तर सांधा गळतोय. तांबटाकडे न्या आणि डाख देऊन घ्या.