सोलापुरात फील्डवर्क करताय? मग या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की मानववंशशास्त्र, समाजशास्त्र, भाषाशास्त्राची पोरं प्रोजेक्टसाठी सोलापूरच्या पूर्व भागात वह्या घेऊन फिरायला लागतात. यंत्रमाग, विडी कामगार, एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू, त्यामुळे विषयाला तोटा नाही. पण प्रोजेक्ट तपासायला हातात आला की दरवर्षी त्याच त्या चुका, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतोय.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वंशावळ काढताना आपल्या घरातली नाती दुसऱ्याच्या घरावर चिकटवणं. एका विद्यार्थिनीनं एका तेलुगू भाषक घराचा चार्ट केला होता. घरातल्या सुनेनं आधी सांगितलं की ही माझी आजी, आईची आई, आणि थोड्या वेळानं त्याच बाईकडे बोट करून म्हणाली या सासूबाई. बाई समोरच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. आता इथं थांबून विचारायचं की नाही? पण या मुलीला वाटलं आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं, असं कसं असेल, आणि होस्टेलवर जाऊन तिनं चार्टमध्ये दोन वेगळी वर्तुळं (बाईची खूण) काढली, एक आजी आणि एक सासू, आणि नवरा परक्या घरातला दाखवला. खरं तर त्या सुनेचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं, म्हणजे आजी हीच सासू. तेलुगू आणि कन्नड भाषक बऱ्याच समाजांत मामा-भाचीचं लग्न पूर्वापार चालत आलंय, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वेंनी १९५३ सालच्या त्यांच्या नातेव्यवस्थेवरच्या पुस्तकात उत्तर, मध्य आणि दक्षिण भागातले फरक मांडलेत, महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो हेही सांगितलंय. आपल्याकडंही मामाची मुलगी करतातच की. पण या मुलीनं त्या चुकीच्या चार्टवर अख्खं एक प्रकरण उभं केलं, "नव्या घरात सुनेचं जुळवून घेणं" असं. जी पोरगी लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत त्याच घरात आजीच्या कुशीत झोपली तिच्यासाठी ते घर नवं कुठलं आलंय? प्रकरण पूर्ण काढून टाकावं लागलं, आणि वाईट याचं वाटतं की खरी गोष्ट त्या प्रकरणापेक्षा कितीतरी भारी होती.

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या) मोहिमेत रिव्हर्स या इंग्रज अभ्यासकानं वंशावळी गोळा केल्या तेव्हा तो नात्याच्या शब्दावर विसंबला नाही, माणसाचं नाव आणि ज्यांच्या पोटी जन्म झाला ते सख्खे आईबाप आधी विचारायचा, आणि मग या माणसाला तू काय म्हणतोस हे वेगळं लिहायचा. मी पण तसंच करायला लावतो. पहिल्या बैठकीत फक्त नावं आणि कोण कुणाच्या पोटचं, तेही पेन्सिलनं. हाक कशी मारता ते दुसऱ्या बैठकीत. आपल्याकडं सून सासऱ्याला मामंजी म्हणते आणि सासूला आत्याबाई, त्यामुळं पहिल्याच दिवशी "मामा" ऐकून आईच्या भावाच्या जागी त्रिकोण (पुरुषाची खूण) काढला की चार्ट बिघडलाच. एका चहात दोन्ही उरकायची घाई ज्यांना असते त्यांनी ग्रंथालयातला विषय घ्यावा हे मी तोंडावर सांगतो.

दुसरी आवडती चूक म्हणजे फॉर्मवर "मातृभाषा कोणती?" हा एक रकाना ठेवायचा आणि त्यात आलेलं उत्तर घरात बोलली जाणारी भाषा म्हणून वापरायचं. ते उत्तर माणूस स्वतःला कोण समजतो याचं आहे, तो दिवसभर काय बोलतो याचं नाही, दोन्ही माहिती मोलाची पण दोन वेगळ्या वहीत. पूर्व भागातल्या एखाद्या घरात अर्धा तास गप बसून बघा, आजी तेलुगूत हाक मारते, नात मराठीत उत्तर देते, मागाचा पार्ट घेऊन आलेल्या माणसाशी हिंदीत बोलणं होतं, आणि फॉर्मवर मात्र एकच शब्द, तेलुगू. मी वहीत चार उभे रकाने पाडायला सांगतो, कोण बोललं, कुणाशी, कशाबद्दल, कुठल्या भाषेत. एवढं जरी इमानदारीनं केलं तरी कोड-स्विचिंगवर (बोलता बोलता भाषा बदलण्यावर) लिहायला पुस्तकातली उदाहरणं उचलावी लागत नाहीत.

आणि याच्यावरचा जगप्रसिद्ध अभ्यास आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे हे किती पोरांना माहीत असतं? सांगली जिल्ह्यातलं कुपवाड, गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा १९७१ चा लेख. तिथं मराठी, कन्नड, उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी राहून वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की जवळपास शब्दाला शब्द ठेवून एकीतनं दुसरीत जाता येतं, पण शब्द मात्र वेगळेच राहिले, कारण घरातली भाषा ही आपल्या समाजाची खूण म्हणून लोकांनी सोडली नाही. हे वाचल्यावर सोलापुरी मराठीला "कन्नड मिसळून बिघडलेली" म्हणायची हिंमत होणार नाही. तरी पोरं रेकॉर्डिंग उतरवताना "काय करलालास बे" चं "काय करत आहेस" करून ठेवतात, शुद्ध म्हणून! अरे, तोच तर तुमचा डेटा होता, तो तुम्ही खोडरबरानं पुसला. जसं ऐकलं तसं उतरवा, प्रमाण मराठी खालच्या ओळीत द्या.

बाकीच्या पटापट. देवनागरीत लिहिलं म्हणजे उच्चार नोंदवला असं नाही, दुनियेचा "जग" आणि जगण्यातला "जग" वेगळे ऐकू येतात पण लिहिताना एकच. एस्किमोंचे बर्फाला शंभर शब्द हे वाक्य दिसलं की मी पान तिथंच बंद करतो, मानववंशशास्त्रज्ञ बोआसनं १९११ मध्ये चार मूळ शब्द दिले होते, पुढचा आकडा लोकांनी फुगवला. सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणजे सगळंच बरोबर असं नव्हे, आधी त्या लोकांच्या हिशेबानं समजून घ्या, मत नंतर द्या. आणि मामा-भाचीच्या लग्नाला पहिल्याच पानावर "मागासलेली प्रथा" लिहिणं हा स्वसंस्कृतिकेंद्रीपणा, म्हणजे आपल्याच मापानं दुसऱ्याला मोजणं, ज्याची व्याख्या तुम्हीच तिसऱ्या पानावर पाठ करून लिहिलेली असते.

गड्ड्याच्या यात्रेवर (सोलापूरच्या सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा) प्रोजेक्ट करणाऱ्यांना वेगळं सांगायचंय. अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या) दिवशी तो होतो त्या संमती कट्ट्यापाशी उभं राहून फोटो काढले, एका जाणत्या माणसाला नंदीध्वजाचा (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठीचा) अर्थ विचारला, झालं सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांत मिसळून केलेला अभ्यास? या पद्धतीचा गुरू मानला जाणारा मॅलिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोन खेपांत मिळून दोनेक वर्षं राहिला, तुमच्याकडून तेवढी अपेक्षा कुणीच करत नाही, पण नंदीध्वज पेलायचा सराव आधी कित्येक दिवस चालतो तिथं तरी जा. कुठल्या ध्वजाचा मान कुणाकडं, खांद्यावर कोण घेतो, बाजूला कोण चालतं, कोण फक्त बघतं, हे तिथं दिसतं. विधींचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर टर्नरनं चिन्हाचे अर्थ तीन बाजूंनी बघायला सांगितलंय, लोक काय सांगतात, त्याचं प्रत्यक्षात करतात काय, आणि इतर चिन्हांच्या शेजारी ते कुठं बसतं. जाणत्या माणसाचं उत्तर हा पहिला भाग झाला, दोन अजून बाकी आहेत.

आणि एक राहिलंच. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. तुम्ही तासभर तिचे हात थांबवले तर तेवढे पैसे तिचे गेले, आणि ती घाईघाईत जी उत्तरं देईल ती तुम्हाला लवकर घालवायला दिलेली असतील. हात चालू असताना जमेल तेवढंच बोला, रेकॉर्डर लावायच्या आधी विचारा, आणि लांबची मुलाखत हवी असेल तर माल कारखान्यात देऊन ती कधी मोकळी होते ते विचारून त्या वेळेला जा.