कचेरीतील श्रिंपची टाकी: खानदेशी उन्हाळ्यात टिकेल अशी

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. चेरी श्रिंपला, म्हणजे काचेच्या टाकीत हौसेने पाळल्या जाणाऱ्या छोट्या लाल कोळंबीला, मात्र 20 ते 26 अंशांचे पाणी मानवते. पाणी 30 अंशांच्या वर बराच काळ राहिले तर त्यातील प्राणवायू कमी पडतो आणि श्रिंप एकेक करून दगावू लागतात. म्हणून आपल्याकडे कचेरीत अशी टाकी ठेवायची असेल तर कोणती वनस्पती लावावी याच्या आधी टाकी कोठे ठेवावी आणि कोणत्या महिन्यात सुरू करावी, हे ठरवावे लागते. एवढे नीट ठरले की पुढे आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त काम उरत नाही.

टाकी भाद्रपदाच्या सुमारास भरावी, श्रिंप दिवाळीच्या आगेमागे सोडावेत, म्हणजे आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) ऊन येईपर्यंत वनस्पतींनी मूळ धरलेले असते, गाळणीच्या स्पंजात पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंची वस्ती पक्की झालेली असते आणि टाकीला उष्णतेचा ताण सोसण्याइतकी परिपक्वता आलेली असते. एप्रिलमध्ये नवी टाकी सुरू करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात बंद खोलीतील पाणी थंड झाले तरी चेरी श्रिंप ते सहन करतात. त्यासाठी हीटर लागत नाही.

टाकी 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच घ्यावी. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे 40 लिटर पाणी मावते. याहून लहान भांड्यात तापमान आणि क्षार दोन्ही झपाट्याने बदलतात, त्यामुळे लहान टाकी सोपी असेल हा समज खरा नाही. वाळूसह तिचे वजन 50 किलोच्या घरात जाते. टेबल तेवढे भक्कम असावे. पश्चिमेकडील खिडकी, पत्र्याच्या छताखालची खोली आणि दुपारनंतर तापणारी भिंत या जागा टाळून आतल्या बाजूची जागा निवडावी. एअर पंप इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावा, आणि वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे वाहून पंपात जाऊ नये म्हणून तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी.

गाळणीसाठी साधा स्पंज फिल्टर पुरतो आणि तोच उत्तम, कारण त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. तळाला धुतलेली वाळू किंवा काळ्या दगडाची बारीक खडी घालावी. वाळूवर थोडा व्हिनेगर टाकून पाहावा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, आणि आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा आधीच जड असल्याने त्यात आणखी भर नको. संगमरवरी चिप्स याच कारणाने वर्ज्य. जावा मॉस, अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन या वनस्पती मंद उजेडात वाढतात, त्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. अनुबियास व जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावेत. त्यांचे जाड आडवे खोड वाळूत पुरले की कुजते. दिवा टायमरवर रोज सात तास पुरे.

यानंतर चार ते सहा आठवडे टाकी श्रिंपविना चालू ठेवावी. या काळात टाकीत टाकलेल्या खाद्याच्या कणांतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. चाचणी संचावर अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागल्याशिवाय श्रिंप आणू नयेत. हा काळ रिकामा वाटतो, पण अकाली सोडलेले श्रिंप याच काळात मरतात.

पाण्याबाबत थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा डिक्लोरिनेटरचे थेंब टाकल्याखेरीज ते वापरू नये. कचेरीत येणाऱ्या जारच्या पाण्यात क्षार बहुधा फारच कमी असतात. नुसत्या अशा पाण्यात श्रिंपना कात टाकण्यासाठी लागणारे कॅल्शियम मिळत नाही, तर नुसत्या बोअरच्या पाण्यात ते गरजेपेक्षा जास्त होऊ शकते. दोन्ही मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) 200 च्या आसपास आणावा. उन्हाळ्यात मात्र एक नियम काटेकोर पाळावा: बाष्पीभवनाने घटलेले पाणी जारच्या पाण्यानेच भरावे, कारण उडून जाते ते पाणी, क्षार मागेच राहतात. दर आठवड्याला चार-पाच लिटर पाणी मिश्रणाच्या पाण्याने बदलावे.

आपल्याकडील उन्हाळ्याची हवा कोरडी असते, आणि याच कोरडेपणाचा उपयोग करून घेता येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनामुळे पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. शनिवार-रविवार एसी बंद असतो, तेव्हाही हा पंखा चालू राहिला पाहिजे. बर्फाच्या बाटल्या टाकण्यापेक्षा हे बरे, कारण तापमानाची अचानक पडझड श्रिंपना उष्णतेइतकीच घातक ठरते.

सुरुवातीला 10 ते 15 श्रिंप आणावेत आणि पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंब-थेंब मिसळत तासा-दीड तासाने सोडावेत. सोबत मासे नकोत. खाद्य देताना हात आखडता असावा: आठवड्यातून दोन-तीनदा, चिमूटभर, आणि दोन-तीन तासांत न संपलेले काढून टाकावे. शेवाळ आणि बदामाच्या झाडाचे वाळलेले पान यांवर त्यांचे बरेचसे भागते, म्हणून दिवाळीच्या सुटीत उपाशी राहतील ही काळजी करू नये. खरी काळजी सहकाऱ्यांच्या मायेची करावी. खाद्याची डबी कपाटात ठेवावी आणि एकाच व्यक्तीकडे ते काम द्यावे.

कचेरीतील सर्वांत मोठा धोका डास आणि झुरळे मारण्याच्या फवाऱ्याचा आहे. त्यातील पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक अत्यल्प मात्रेतही श्रिंपना मारते, आणि एअर पंप खोलीतील तीच हवा पाण्यात ढकलतो. फवारणीचा दिवस आधी विचारून घ्यावा, त्या वेळी टाकी झाकून पंप बंद ठेवावा आणि खोली मोकळी झाल्यावर तो सुरू करावा. फिनाइल किंवा सॅनिटायझर लागलेला हात पाण्यात घालू नये. तांबे असलेली औषधेही टाकू नयेत.

मादीच्या पोटाखाली अंडी दिसू लागली की टाकी बसली असे समजावे. तीन ते चार आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात आणि वर्षभरात संख्या पुष्कळ वाढते. जास्तीचे श्रिंप दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावेत. तापी, गिरणा किंवा एखाद्या पाटात सोडू नयेत, कारण हा प्राणी आपल्या पाण्यातील नाही.